गल्लीच्या पाण्याची वही : ग्वाल्हेरच्या मंडळांसाठी

नळाला घाण पाणी आले की शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत आधी आरडाओरडा होतो, मग कोणी टँकर मागवतो आणि चार दिवसांनी पाणी निवळले की विषय मिटतो. गळती मात्र जमिनीखाली तशीच राहते. मंडळाने, मग ते गणपतीचे असो वा भजनी, पाणी वाटण्याच्या फंदात न पडता नोंद ठेवावी असे मला वाटते. वर्गणीचा हिशेब पैशापैशाने लिहिणाऱ्यांना हे काम जड जाऊ नये.

तिघरा धरणाचे पाणी मोतीझीलच्या केंद्रात शुद्ध होते; ते बिघडते ते बहुधा पुढच्या वाटेत. पुरवठा बंद असताना नळवाहिनीतला दाब उतरतो आणि ती जिथे नालीतून किंवा गटाराशेजारून गेलेली असते, तिथे सांध्याच्या फटीतून मैला आत शिरतो. कोणी नळालाच टुल्लू पंप जोडला असेल तर हे शोषण आणखी वाढते. म्हणून पहिली समजूत आपल्याच सभासदांची घालावी लागते, आणि तीच सर्वांत अवघड असते.

वहीत प्रत्येक घराला एक पान द्यावे. त्यावर तारीख, पाणी आल्याची वेळ, पहिल्या बादलीचा रंग व वास, दहा मिनिटांनंतरचा रंग व वास, आणि घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या असल्यास तेही लिहावे. पहिलीच बादली काळपट येऊन पुढे पाणी निवळत असेल तर दोष बहुधा त्या घराच्या जोडणीत असतो. शेवटपर्यंत वास येत असेल तर मुख्य वाहिनीकडे पाहावे. मग गल्लीचा नकाशा काढून, पाण्याच्या दिशेने, चांगले पाणी येणारे शेवटचे घर आणि खराब पाणी येणारे पहिले घर यांवर खुणा कराव्यात. खोदायचे ते बहुतेक वेळा या दोन खुणांच्या मधेच.

चाचण्या दोन पुरतात. क्लोरीनसाठी ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब नमुन्यात टाकून पिवळा रंग लगेच पट्टीशी ताडून पाहावा. भारतीय मानक 10500 नुसार मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे. तपासलेले पाणी ओतून द्यावे. जिथे पिवळेपणा येत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी लावावी; मैल्यातल्या जंतूंनी हा वायू सोडला की तिच्यातले पाणी काळे पडते. ही साधी पद्धत ग्वाल्हेरच्याच संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 1982 साली प्रसिद्ध केली, आणि ग्वाल्हेरकरांनाच ती फारशी ठाऊक नाही. हात धुवावेत, नळाचे तोंड पुसावे, थोडे पाणी वाहू द्यावे, आणि बोट आत न लावता खुणेपर्यंत कुपी भरून 30 ते 37 अंशांच्या उबेत 24 ते 48 तास ठेवावी. थंडीत खोलीची ऊब पुरत नाही आणि निकाल फसवा येतो. पाणी काळे पडले तर मैल्याचा संशय धरावा. बोअरच्या पाण्यात मात्र मुळातच गंधकयुक्त द्रव्ये असू शकतात, त्यामुळे प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी. तिथल्या तपासणीत 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा मैल्यातला जिवाणू मुळीच आढळता कामा नये. काळी कुपी ब्लीचिंग पावडर घालूनच टाकावी.

तोपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे आणि मंडळाच्या कपाटात ओआरएसची पाकिटे ठेवावीत.

तक्रारीत "पाणी घाण येते" एवढेच न लिहिता कोणत्या घरापासून पुढे, कोणत्या तारखांना आणि किती कुप्या काळ्या झाल्या ते नकाशासह द्यावे. तिची एक प्रत पार्षदांना (नगरसेवकांना) द्यावी आणि 181 या मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंदवून क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. काम झाल्याखेरीज तक्रार बंद करण्यास होकार देऊ नये. प्रभागातील नमुन्यांचे निकाल मिळत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते.

दुरुस्तीनंतर आठवड्याने त्याच नळांना पुन्हा कुपी लावावी आणि तिचा रंग बदलला नाही तरच त्या घराच्या पानावर तारीख घालून रेघ ओढावी.