जुन्या पायमशीनवर गोधडी शिवताय? या चुका टाळा

सासूबाईंची सिंगर आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात सोप्यावर बारा वर्षं नुसती उभी होती. वर फुलदाणी, खाली पायट्यावर जुन्या चपला. चाक तसूभरही हलत नव्हतं. घरात सगळ्यांचं मत एकच होतं: मशीन गेली, बिडाच्या भावाने देऊन टाका. एका रविवारी मी तिच्या डाव्या तोंडाकडचं झाकण काढलं आणि आत बघितलं, तर एकही भाग मोडलेला नव्हता. सुईच्या दांड्यावर मात्र काकवीसारखा घट्ट, तपकिरी थर बसला होता. बोटाला लावून वास घेतला. खोबरेल तेल!

त्यानंतर पेडण्यापासून फोंड्यापर्यंत ओळखीच्यांच्या बऱ्याच जुन्या मशीन पाहिल्या. खरोखर मोडलेल्या अगदी थोड्या. बाकीच्या अडल्या होत्या त्या चुकीच्या तेलाने, चुकीच्या सुईने, पावसाळ्याच्या ओलीने, आणि सगळ्यांत जास्त घाईघाईने पिळलेल्या स्क्रूंमुळे.

तेलाची चूक

नारळ घरचा, तेल घरचं, म्हणून मशीनलाही तेच, असं आपल्याकडे सर्रास होतं. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते मशीनच्या पोटात थिजलेलंच असतं. वर्षानुवर्षं त्यात कापडाची पूड मिसळते आणि त्याचा चिकट लगदा होतो. खाण्याचं कुठलंच तेल चालत नाही. गंज सोडवायचा स्प्रेही मशीनचं तेल नव्हे. तो अडकलेला भाग मोकळा करतो आणि काही दिवसांत उडून जातो, मग धातूवर धातू कोरडाच घासत राहतो. शिलाई मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ आणि रंगहीन असतं. छोटी बाटली वर्षभर पुरते.

जाम झालेली मशीन सोडवताना पहिली चूक म्हणजे चाकाला पक्कड लावणं. आधी खालचं शटल, म्हणजे सुईखाली दोरा फिरवणारा भाग, बघा. पुष्कळदा तिथे अडकलेला दोऱ्याचा तुकडाच सगळं धरून बसलेला असतो. तो नसेल तर तेलाच्या प्रत्येक छिद्रात आणि जिथे जिथे धातू धातूवर फिरतो त्या प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ देवाचा दिवाही नको. सकाळी चाक हाताने मागेपुढे हलवून बघा, जेवढं हलेल तेवढंच. आमची मशीन पहिल्या दिवशी हललीच नाही, दुसऱ्या दिवशी पाव फेरा फिरली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘टक्’ असा आवाज होऊन सुई खाली गेली. सासूबाई आतून धावत बाहेर आल्या. तो आवाज त्यांनी ओळखला होता.

रॉकेल हे वंगण नाही, हे विसरू नका. मळ सुटला की पुसून घ्या, प्रत्येक सांध्याला मशीनचं तेल द्या, दोरा न ओवता पाच-दहा मिनिटं चालवा, निथळलेलं तेल पुसा आणि मगच चिंधीवर टीप मारून बघा.

वरचा काळा रंग आणि सोनेरी नक्षी पुसायला स्पिरिट किंवा थिनर अजिबात वापरू नका. जुन्या मशीनच्या नक्षीवर पारदर्शक लाखेचा थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो. आमच्या मशीनवरचं नक्षीचं एक पान मी असंच घालवलं, आणि ते परत येत नाही. सुती फडक्यावर मशीनचं तेल घेऊन हलक्या हाताने पुसणं पुरेसं आहे.

आपली मशीन कोणती, हे न बघता सुटे भाग आणणं

सिंगरच्या पाट्यावर एक नंबर कोरलेला असतो. त्यावरून मशीन कुठल्या साली बनली ते काढता येतं. मॉडेलच्या नावात ‘के’ असेल, जसं 15के, तर ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किल्बोवी कारखान्यातली. तो कारखाना 1980 साली बंद झाला. सुटे भाग मात्र अजूनही सहज मिळतात, कारण आपल्या उषासारख्या बऱ्याच काळ्या मशीन याच 15 नंबरच्या घडणीवर बनल्या. त्यांची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, गोल आणि दोन्ही बाजूंनी सपाट असते. 27 आणि 127 नंबरच्या मशीनमध्ये होडीसारखं लांबट शटल असतं आणि त्यात काडीसारखी बारीक बॉबिन बसते. 66 नंबरची बॉबिन बाहेरून फुगीर. दिसायला जवळपास सारखी म्हणून दुसरीच बॉबिन घातली, तर ती बॉबिन केसमध्ये, म्हणजे तिच्या डबीत, खुळखुळते आणि टाके वेडेवाकडे पडतात. दुकानात जाताना जुनी बॉबिन केससकट सोबत न्या.

टेन्शनचा स्क्रू आधी पिळणं

सगळ्यांत जास्त मशीन या चुकीने बिघडतात. टीप बिघडली की हात थेट टेन्शनकडे, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. खरं तर तो शेवटी जायला हवा.

सुरुवात सुईपासून करा. सुई नवी घाला. गोधडीच्या थरांना 16 नंबर, जाड जीन्सचे तुकडे असतील तर 18. सुई काचेवर आडवी ठेवून बघा, वाकडी असेल तर लगेच कळतं. ती वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. सुईच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते. दोरा सुईत जाण्याआधी ज्या शेवटच्या कडीतून येतो, त्या बाजूला ती खाच हवी, आणि दोरा खाचेच्या बाजूनेच ओवायचा. सुई उलटी बसली तर एकही टाका पडत नाही, आणि मग कुणीतरी म्हणतं, “टायमिंग गेलं.” टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, आपोआप क्वचितच जातं. टाके सुटत असतील तर दहापैकी नऊ वेळा सुई वाकडी, खाली घसरलेली किंवा उलटी निघते, हा माझा अनुभव आहे.

मग दोरा. आईच्या डब्यातली लाकडी रिळं कितीही जिव्हाळ्याची असली, तरी हातभर दोरा दोन्ही हातांत धरून ओढून बघा. पटकन तुटला तर रीळ आठवण म्हणून ठेवा, मशीनवर लावू नका.

ओवताना मशीनचा दाबपाय, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला हवा. पाय वर असला की टेन्शनच्या चकत्या सुटतात आणि दोरा त्यांच्या मध्ये जाऊन बसतो. पाय खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या कडेवरच राहतो, वरचा दोरा कुणी धरतच नाही, आणि कापडाच्या खालच्या बाजूला जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून लोक बॉबिन केस पिळतात, पण दोष वरचा असतो. याच्या उलट, वरच्या बाजूला खालचा दोरा ओढलेला दिसला तर आधी वरचं टेन्शन थोडं सैल करा, नंतर बॉबिनकडे बघा. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारली, तर डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसतं. ही चिंधी एकेरी नको, गोधडीचेच सगळे थर हवेत. एका पातळ कापडावर जुळवलेलं टेन्शन चार थरांवर चुकतंच. दोन्ही दोऱ्यांची गाठ मधल्या थरात लपली पाहिजे.

बॉबिन केसची परीक्षा सोपी आहे. बॉबिन भरून केस दोऱ्याने टांगा. ती आपल्या वजनाने सरसर खाली यायला नको. हलका झटका दिला की दोन-तीन इंच उतरून थांबायला हवी. स्क्रू फिरवायचाच असेल तर एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच.

बॉबिन भरताना सैल केलेली चाकाच्या मधली चकती नंतर आवळायला विसरणं हीही नेहमीची गोष्ट. चाक फिरतं, सुई हलत नाही, आणि घाबरून मेकॅनिक बोलावला जातो. साफ करताना ती चकती काढली असेल आणि आवळूनही सुई हलत नसेल, तर आतला तीन कानांचा वॉशर अर्धा फेरा फिरवून परत बसवा.

गोधडीच्या चुका, ज्यात मशीनचा दोष नसतो

आपल्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका हाताने गोधड्या शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोल-गोल आत जात मधोमध संपवतात. हातशिलाईला ते छान जमतं, कारण बोटं प्रत्येक टाक्याला थर सपाट करत जातात. मशीनवर हाच क्रम धरलात तर मध्ये कापडाचा फुगा उरतो. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि दाबपाय वरचं मागे रेटतो, त्यामुळे थर सरकतात. म्हणून मशीनवर मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. त्याआधी वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून घ्यायचे, तेही मधूनच.

दाबपायाचा दाब थोडा कमी करा. त्याचा स्क्रू डोक्यावर, दाबपायाच्या दांड्याच्या वर असतो. टाका मोठा ठेवा, इंचाला 8 ते 10. वॉकिंग फूट मिळाला तर जरूर घ्या, तो वरचं कापडही खालच्याबरोबर चालवतो.

मशीनच्या हाताखाली जागा जेमतेम वीतभर असते. डबल बेडची गोधडी तिथे कोंबून, बाकीचा भार गुडघ्यावर लोंबकळत ठेवून शिवलं, तर कापड सुईला खेचतं. टाके लहान-मोठे पडतात आणि सुई मोडते. मी डावीकडे जेवणाचं टेबल लावते, मागे बाक, आणि दोन्ही कडा गुंडाळून घेते. कापड मागून ओढायचं नाही, ते दात्यांचं काम आहे. जाड शिवणीवर आलात की पाय थांबवा आणि चार टाके चाक हाताने फिरवून घ्या. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. पायट्याला पाय लावण्याआधी चाक हाताने आपल्याकडे फिरवा. ते उलटं फिरलं की दोरा तुटलाच.

गोधडी दोऱ्याची आणि कापडाची पूड फार सोडते. प्रत्येक गोधडीनंतर सुईखालची पट्टी काढा, दात्यांमधला गठ्ठा जुन्या टूथब्रशने साफ करा, शटल काढून पुसा आणि त्याच्या वाटेवर तेलाचा एकच थेंब सोडा. फुंकर मारू नका, पूड आणखी आत जाते.

परदेशातून आलेल्या विजेच्या मशीनबद्दल एकच सांगते. कुणी बोटीवरून, कुणी अमेरिकेतून आणलेली मशीन घरात असेल, तर मोटारीवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. त्यावर 110 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर ती मोटार जळेल. मध्ये योग्य ताकदीचा ट्रान्सफॉर्मर हवा.

पाऊस

पावसाळ्यात मशीनवर प्लॅस्टिक घालणं ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी चूक. ओल आत कोंडते आणि सुईचा दांडा, दाते, बॉबिन केस आठवडाभरात लालसर दिसू लागतात. किनाऱ्याजवळ त्याहून लवकर. सुती चादर घाला, मशीन बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालवा. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची-कोकमं भरता भरता मी मशीनच्या उघड्या धातूवर तेलाचं फडकं फिरवते आणि सुई काढून ठेवते.

चामड्याचा पट्टा दमट हवेत सैल होतो आणि चाकावरून घसरायला लागतो. तेव्हा तो एकदम इंचभर कापू नका. अर्धा सेंटिमीटर कापा, क्लिप लावा, चालवून बघा. फार ताणलेल्या पट्ट्याने मशीन जड चालते आणि चाकाची बूश झिजते. पट्ट्याला तेल तर कधीच लावू नका. बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि चतुर्थीच्या आधी एखादं ऊन मिळालं तर सोप्यावर काढून ठेवा.