पावसाळ्यात टाइल्स फुटायच्या थांबल्या

जपानमधल्या शिगाराकीच्या सिरॅमिक पार्कात निवासी कलाकार म्हणून जायचंय, तिकीटही झालं. इथे डिचोलीत मात्र पाऊस थांबायचं नाव घेईना. सोबत न्यायच्या नमुन्याच्या टाइल्स भट्टीत फटाफट फुटत होत्या. हाताला कोरड्या लागायच्या, पण गालाला लावल्या की गार. गार म्हणजे आत पाणी आहे. 100 अंशांना त्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती माती फोडूनच बाहेर पडते.

आता टाइल्स जाळीवर वाळवते, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशा. मग भट्टी रात्रभर 80-90 अंशांवर धरून ठेवते, झाकण किंचित उघडं. सकाळी फटीपाशी आरसा धरायचा. त्यावर वाफ धरली तर अजून थांबायचं. (मध्येच वीज जातेच, त्याला इलाज नाही.) 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगतं, तिथेही घाई नको.

शिगाराकीची माती भरड, फेल्डस्पार या खनिजाच्या खड्यांची, 1200 अंशांच्या वर भाजतात ती. आमची तांबडी माती त्या आचेत बसकण मारेल, म्हणून ती कमी आचेत भाजूनच नेतेय. खरी ओढ आहे ती तिथल्या लाकडाच्या भट्टीची!