टँकच्या काठावर उभं राहण्याआधी

मार्च सरता सरता नागपुरात पारा चाळिशीकडे सरकतो, स्विमिंग टँकवर पाससाठी रांगा लागतात आणि मला पोरांचे फोन सुरू होतात. “सर, सुपरवायझरची जागा निघाली आहे. कोणतं सर्टिफिकेट काढू?”

आधी हे ध्यानात घ्या: पोहता येणं, पोहायला शिकवता येणं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढता येणं ही तीन वेगळी कामं आहेत. पटियाळ्याच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोर्स प्रशिक्षक घडवतो. जीवरक्षकाचं शिक्षण निराळं. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी पूल लाइफगार्डचं प्रशिक्षण देते. सुपरवायझर व्हायचं असलं तरी ते कराच. हाताखालचा जीवरक्षक कुठं चुकतो, हे त्याशिवाय दिसत नाही.

मला हे उशिरा कळलं. पहिल्या नोकरीत माझ्या कागदांच्या झेरॉक्स घेतल्या, पाण्यात उतरून दाखव असं कुणी म्हटलं नाही. त्याच उन्हाळ्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उथळ भागातून सरकत पुढं गेला. मी गेटवर पास तपासत होतो. तो ओरडला नाही, त्यानं हात हलवले नाहीत. डोकं मागं, तोंड पाण्याच्या रेषेवर, पाय उभे. काठावर बसलेल्या त्याच्या आईला तो खेळतोय असं वाटलं. शेजारच्या एका पोहणाऱ्यानं त्याला ओढलं म्हणून तो वाचला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून माझ्याकडे पाण्यात माणूस असेपर्यंत काठावरच्या जीवरक्षकाला दुसरं कुठलंही काम नसतं. पास नाही, फोन नाही, पाणी तपासणंही नाही. आणि दर अर्ध्या तासानं जागा बदलायची, कारण मे महिन्याच्या उन्हात चकाकणाऱ्या पाण्याकडे त्याहून जास्त वेळ नीट बघता येत नाही.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव वाचवणं, सरावाच्या पुतळ्यावर शिका, व्हिडिओ बघून नाही. बुडालेल्याच्या शरीरात ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणून आधी श्वास द्यायचे. कुठं दोन शिकवतात, कुठं पाच. मग 30 दाब, 2 श्वास. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी. पोट दाबून पाणी काढायच्या फंदात पडू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. एकानं लगेच 108 लावायचा. हा सराव दर आठवड्याला घ्या. हात फार लवकर विसरतात.

आता पाणी. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) 7.2 ते 7.8 आणि मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन, 1 ते 3 पीपीएम (दहा लाखांत 1 ते 3 भाग) ठेवा. पीएच 8 च्या वर गेला की तेवढंच क्लोरीन घालूनही जंतू नीट मरत नाहीत. पिवळा रंग दाखवणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन मोजतं. मुक्त क्लोरीन कळायला गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तो घाम-लघवीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा वास असतो. आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन झपाट्यानं उडतं, त्यामुळे सकाळची पहिली बॅच सोडण्याआधी आणि दुपारी चारच्या बॅचआधी, दोन्हीदा मोजा. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर बॅच सोडू नका, बाहेर कितीही गर्दी असो.

रसायनांच्या खोलीत क्लोरीन आणि ॲसिड एकमेकांजवळ ठेवायचं नाही, दोन्हींचं मोजायचं भांडं वेगळं. एकत्र आले की विषारी वायू निघतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीही ओतायचं नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा फाईलसोबत पोहण्याचे कपडेही न्या. पाण्यात उतरून दाखवा असं कुणी म्हटलं नाही, तर तुम्हीच म्हणा.