छोट्या साइटवर माणूस वरून पडू नये म्हणून काय काय करायचं (बेल्ट हा सगळ्यात शेवटचा उपाय)

मोठ्या बिल्डरच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर असतो, गेटवर रजिस्टर असतं, हेल्मेट नसेल तर आत सोडत नाहीत. आपल्याकडे तसं काही नसतं. तळमजला अधिक तीन मजले, आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी सकाळी मजूर अड्ड्यावरून उचललेली, आणि सुपरवायझर पण तोच, माल मागवणारा पण तोच, मालकाचे फोन घेणारा पण तोच. हे अशाच ठेकेदारांसाठी, मिस्त्रींसाठी लिहितोय. प्लास्टरवाले, रंगवाले, पत्र्याची कामं घेणारे पण यात आले.

आधी "कितीसं उंच आहे" हे वाक्य साइटवर बंद करा. एक मजला म्हणजे धरून चाला तीन मीटर. तिथून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात खाली येतो आणि जमिनीवर आदळतो तेव्हा वेग असतो ताशी २७-२८ किलोमीटर. तेवढ्या वेळात कोणी काही पकडत नसतो, कितीही जुना गवंडी असू दे. आणि छोट्या कामात पडणारे काही दहाव्या मजल्यावरून नाही पडत, ते पहिल्या स्लॅबवरून, शिडीवरून, पत्र्यातून पडतात.

सेफ्टी म्हटलं की आपण पहिले काय करतो, तर दुकानात जाऊन चार बेल्ट आणतो, फोटो काढतो आणि ते बेल्ट सिमेंटच्या गोण्यांमागे पडून राहतात. उलट करा. पहिला प्रश्न, हे काम खालीच होईल का? खिडकीची ग्रिल खाली जोडून वर नेता येते, सळया खाली कापता-वाकवता येतात, पत्र्याला भोकं खाली पाडता येतात. वर जावंच लागणार असेल तर कड बंद करा, भोक झाका. तेही जमत नसेल तिथेच फक्त बेल्ट. कारण सरळ आहे, बेल्ट प्रत्येक माणसाने प्रत्येक वेळी आठवणीने अडकवला तरच कामाचा, रेलिंग मात्र कोणी विसरला तरी आपलं काम करतंच.

आता भोकांचं. डक्ट (पाईप वर-खाली नेण्यासाठी सोडलेली उभी पोकळी), लिफ्टचा खड्डा, जिन्याची पोकळी, प्लंबरने सोडलेले चौकोन. यावर नुसता प्लायचा तुकडा टाकून ठेवणं हे उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण दुसऱ्या दिवशी कोणाला तरी तो प्लाय हवा असतो, तो दोन्ही हातांनी समोर धरून उचलतो, पाय पुढे टाकतो आणि थेट आत. झाकण खिळे मारून पक्कं करा, सरकू नये म्हणून खालून दोन पट्ट्या ठोका, वर लाल रंगाने "खाली खड्डा" लिहा आणि वाचता न येणाऱ्यासाठी मोठी फुली मारा. डक्टसाठी याहून सोपा उपाय म्हणजे स्लॅब भरताना डक्टमधल्या सळया कापायच्याच नाहीत, जाळी तशीच आरपार सोडायची, प्लंबर येईल तेव्हा लागेल तेवढीच कापायची. खर्च जवळजवळ काहीच नाही. लिफ्टच्या दाराला प्रत्येक मजल्यावर पाईप नाहीतर सळयांची पक्की जाळी, आणि ती काढायची परवानगी एकाच माणसाकडे.

कड म्हणजे स्लॅबची, बाल्कनीची, जिन्याची. खरी भानगड ही की बाल्कनीचं रेलिंग फॅब्रिकेटर सगळ्यात शेवटी लावतो, आणि तोपर्यंतचे सगळे महिने कड उघडी. सेंट्रिंग (स्लॅब भरायला लावलेला तात्पुरता साचा) उतरलं की त्याच दिवशी तात्पुरतं रेलिंग लावून मोकळं व्हायचं. वरचा पाईप साधारण एक मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या वर, मधला त्याच्या निम्म्यावर, आणि खाली १५ सेंटीमीटरची फळी, म्हणजे वीट किंवा थापी खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. टेकून हलवून बघा, हललं तर ते रेलिंग नाही. नायलॉनची दोरी रेलिंग नाही, लाल-पांढरी पट्टी तर अजिबातच नाही, ती फक्त डोळ्यांना दिसते, अंगाला अडवत नाही. पाईप आणि क्लॅम्प एकदाच घेतले की पुढच्या चार साइटवर चालतात, त्यामुळे महाग पडतं हे कारण मला तरी पटत नाही.

परांचीवर जरा थांबतो कारण बहुतेक ठिकाणी गडबड इथेच असते. बांबूची की लोखंडी हा वाद मी घालणार नाही, जाणकाराने बांधलेली बांबूची परांची चांगली आणि कोणीही जोडलेली लोखंडी वाईट. बघायचं ते पायापासून. पाय विटेवर, ब्लॉकवर, नुसत्या भरावाच्या मातीवर ठेवलेत का? खाली बेस प्लेट आणि त्याखाली जाड लाकूड पाहिजे, पाऊस पडून माती बसली की एक पाय लटकतो आणि वरच्याला कळत पण नाही. मग फळ्या. चालायची जागा दोन फुटांपेक्षा अरुंद नको, फळ्यांमध्ये फट नको, आणि फळीचं टोक आधाराच्या पुढे अर्धा फूट तरी हवं पण फूटभरापेक्षा जास्त नको. कमी असेल तर सटकते आणि जास्त असेल तर टोकावर पाय पडताच दुसरी बाजू वर उडते. दोन्ही टोकं बांधा. जुनी फळी असेल तर गाठीजवळ चीर बघा, प्लास्टरने माखलेली असेल तर आधी खरवडा आणि मग बघा.

आणि टाय! परांची इमारतीला जिथे बांधलेली असते ती टाय प्लास्टरवाल्याच्या मध्ये येते, तो सोडतो, पॅच मारतो आणि पुढे सरकतो, परत कोण बांधणार? असं करत करत दुपारपर्यंत तीन मजली परांची नुसती भिंतीला टेकून उभी. म्हणून नियम एकच ठेवा, ज्याने परांची बांधली तोच टाय सोडेल आणि तोच दुसरीकडे नवी टाय बांधल्याशिवाय जुनी सोडणार नाही, बाकी कोणी हात लावला तर त्या दिवशी काम बंद. रोज सकाळी आणि जोराचा वारा-पाऊस झाल्यावर एक फेरी मारायचीच. वर जायला शिडी द्या, नाहीतर पोरं क्रॉस पाईपवरूनच चढतात, एका हातात घमेलं घेऊन. आणि छताच्या कामाला चाकाची घोडी वापरत असाल तर वर माणूस असताना ढकलायची नाही, आधी तो खाली उतरणार, मग घोडी सरकणार.

शिडीचं थोडक्यात. चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर, वरचं टोक जिथे उतरायचं तिथून मीटरभर वर, आणि वर बांधलेली. लाकडी शिडीला रंग देऊ नका, चिरा झाकल्या जातात. शेजारून विजेच्या तारा जात असतील तर अॅल्युमिनियमची शिडी साइटवर आणूच नका.

पत्र्याचं काम घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. मे महिन्यात सगळ्यांनाच पावसाच्या आधी गळती बंद करून हवी असते आणि त्या घाईत माणूस थेट सिमेंटच्या पत्र्यावर पाय देतो. तो पत्रा उन्हा-पावसात ठिसूळ झालेला असतो, कुठे फुटेल ते बघून कळत नाही. उजेडासाठी टाकलेलं फायबर शीट तर त्याहून फसवं, धूळ बसली की बाजूच्या पत्र्यासारखंच दिसतं. "बोल्टच्या लायनीवर पाय दे, काही होत नाही" असं सांगणारे बरेच भेटतील, ऐकू नका. दोन-तीन पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) पोहोचतील अशा लांब फळ्या टाका, फळीवरच चाला, फळीवरच बसा, आणि शक्य असेल तर खालून परांची लावून काम करा. खाली जाळी बांधता आली तर सोन्याहून पिवळं. पत्रा ओला असेल तर काम नाही, मालकाने कितीही आरडाओरडा केला तरी.

मग आता बेल्ट. कमरेचा पट्टा चालणार नाही, तो पडताना पोट आणि पाठीचा कणा दोन्हीचं वाटोळं करतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून. पण खरा प्रश्न हूक कुठे अडकवणार हा आहे. सेंट्रिंगची प्लेट, इलेक्ट्रिकचा पाईप, बांबू, रेलिंग यातलं काहीच चालत नाही, तिथे अंगाचं वजन नाही तर पडण्याचा झटका येणार असतो, त्यामुळे दोन-सव्वादोन टन झेलेल अशीच जागा पाहिजे, कॉलमला गुंडाळलेली वायर रोप किंवा बीमला टाकलेला स्लिंग वगैरे. आणि हा हिशोब करा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पट्टी उघडते ती एक मीटरच्या आसपास, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर मोकळं. झाले पाच मीटरच्या वर, एवढी जागा हुकाच्या खाली मोकळी हवी. म्हणजे पहिल्या स्लॅबवर तीन मीटरवर काम करणाऱ्याने लांब दोरीचा हूक पायाशी अडकवला तर पट्टी उघडायच्या आधीच तो जमिनीवर. अशा ठिकाणी हूक डोक्याच्या वर हवा किंवा दोरी इतकी आखूड की कडेपर्यंत पोहोचताच येऊ नये, हे दुसरं जास्त बरं. एकदा झटका खाल्लेला हार्नेस फेकून द्या, कापून फेका म्हणजे कोणी परत वापरणार नाही. आणि लटकलेल्याला खाली कसं आणायचं ते आधी ठरवा, हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलं की पायात रक्त साचतं आणि काही मिनिटांत जीवावर बेतू शकतं.

माणसांचं पण बघावं लागतं. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी कडेवर पाठवू नका. चप्पल घालून परांचीवर नाही. उपाशी आलेला, रात्रीची उतरली नाही असा, ताप असलेला, याला खालचं काम द्या आणि हजेरी कापू नका, कापलीत तर उद्यापासून कोणी सांगणारच नाही. सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना आज जिथे काम आहे तिथेच उभं करून कुठली कड उघडी आहे ते हाताने दाखवा, आपल्या साइटवर मराठी, हिंदी, कानडी, तेलुगू सगळंच असतं, भाषण कोणाला कळत नाही, बोट दाखवलेलं कळतं. स्क्वेअर फुटाच्या दराने काम दिलं की परांची बांधण्यात गेलेला वेळ हा कारागिराच्या खिशातून जातो, मग तो कशाला नीट बांधेल? म्हणून परांची, रेलिंग, झाकणं हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. मालक घासाघीस करताना पहिली तीच ओळ कापायला जाईल, तिथे अडून बसा.

कागदाचं एवढंच, कामावरच्या अपघाताला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे आणि पोटठेकेदाराचा माणूस पडला तरी मागणी मुख्य ठेकेदाराकडे येऊ शकते, तेव्हा विमा काढून ठेवा. माणसांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो द्यायला टाळाटाळ करू नका.

इतकं करूनही कोणी पडलाच तर त्याला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय धरून टेम्पोत टाकायचं नाही. मान आणि पाठ हलू न देता तसाच ठेवा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, आणि १०८ ला फोन. हा नंबर, साइटचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण गेटजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत रंगवून ठेवा, कारण फोन बहुतेक वेळा असा पोरगा लावतो जो चार दिवसांपूर्वी गावाहून आलाय आणि आपण कुठल्या गल्लीत काम करतोय हे त्याला माहीत नसतं.