जुन्या माणसांनी काय खाल्लं हे शोधायचं कसं

सगळ्यात आधी हे ठरवा की हातातला पुरावा किती काळाचं सांगतोय, कारण खरा घोळ इथेच होतो. पोटातलं अन्न म्हणजे शेवटचं एखाददुसरं जेवण, वाळलेली विष्ठा म्हणजे फार तर दोन-चार दिवस, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणून त्यात काही महिने, मोठ्या माणसाच्या हाडात कित्येक वर्षं आणि दाताच्या इनॅमलमध्ये थेट लहानपण. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० ला सापडलेला टोलुंड मॅन हा हजारो वर्षं टिकलेला मृतदेह घ्या, आतड्यात जव, जवस आणि रानटी बियांची पेज होती, २०२१ मध्ये परत तपासलं तर माशाचाही अंश मिळाला. भारीच आहे हे, पण त्यावरून तो रोज पेज खायचा असं नाही म्हणता येत, मरायच्या आधीच्या १२ ते २४ तासांत काय खाल्लं तेवढंच कळतं.

आता विष्ठा, आणि नाक मुरडू नका कारण खरा खजिना हाच आहे. कोरड्या गुहा, मिठाच्या खाणी, पाणथळ जागा इथे ती हजारो वर्षं टिकते. आधी फोटो आणि वजन, मग वरचा थर खरवडून आतलाच भाग घ्यायचा म्हणजे आजूबाजूची माती मिसळत नाही, त्या मातीचंही वेगळं सॅम्पल ठेवायचं. आणि सगळा नमुना कधीच वापरून संपवू नका प्लीज, उद्या नवीन टेस्ट आली तर काय करणार? घेतलेला तुकडा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या अर्धा टक्का द्रावणात दोन-तीन दिवस भिजत ठेवतात, कॅनडातल्या एरिक कॅलन या संशोधकाने पेरूमधले नमुने असेच भिजवले होते. तुकडा हळूहळू फुगतो, मऊ होतो, कधीकधी वासही परत येतो, आणि पाणी गडद काळपट झालं तर विष्ठा माणसाची असण्याची शक्यता जास्त, पण फक्त रंगावर विसंबू नका. मग बारीक चाळणीतून गाळा, वर कोंडा, बिया, माशाचे काटे-खवले उरतात. खालचं पाणी फेकायचं नाही! त्यात परागकण, स्टार्चचे कण आणि जंतांची अंडी असतात, ती मायक्रोस्कोपखाली बघायची. इंग्लंडात यॉर्कला १९७२ मध्ये एका बँकेच्या जागेवर व्हायकिंग काळातली विष्ठा मिळाली, त्यावरून मांस आणि धान्याचं खाणं कळलं आणि पोटात जंत होते हेही कळलं.

एक मात्र लक्षात ठेवा, चाळणीत फक्त न पचलेलं दिसतं. चीज, बिअर, नीट चावलेलं मांस यांचं काहीच उरत नाही, त्यासाठी डीएनए आणि प्रोटीन तपासावं लागतं. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटच्या मिठाच्या खाणीत कामगारांची साधारण २७०० वर्षांपूर्वीची विष्ठा टिकून होती, २०२१ च्या अभ्यासात त्यात ब्लू चीजची बुरशी आणि बिअरचं यीस्ट दोन्ही सापडलं, नुसतं चाळून हे कधीच कळलं नसतं.

हाडांचं गणित वेगळं. ज्वारी, बाजरी, मका यांच्यातल्या कार्बनची खूण, म्हणजे हलक्या आणि जड कार्बनचं प्रमाण, गहू-तांदळापेक्षा वेगळी असते आणि ती खाणाऱ्याच्या हाडातल्या कोलॅजन या प्रोटीनमध्ये उतरते. नायट्रोजनवरून मांस-मासे किती होते याचा अंदाज येतो. पण ज्वारीचा कडबा खाल्लेल्या गाईचं दूध प्यायलं तरी तीच खूण येणार, म्हणून लगेच भाकरी असं लिहून मोकळं होऊ नका.

आपल्याकडच्या उष्ण हवेत कोलॅजन बरेचदा टिकतच नाही. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगाव या प्राचीन वस्तीच्या जागी उत्खनन केलं तिथल्यासारखं जळालेले दाणे, जनावरांची हाडं आणि माणसांचे दात असं सगळं एकत्र लावून बघावं लागतं, कारण जळालेल्या दाण्यावरून ते धान्य घरात होतं एवढंच कळतं, दाताची कीड आणि झीज मात्र प्रत्यक्ष चावलेल्या अन्नाची असते.