बँकेवर निर्बंध आले, टीव्हीच्या पट्टीवर काय लिहायचं?

रिझर्व्ह बँकेचं पत्रक सहसा बँकेचं कामकाज आटोपल्यावर, संध्याकाळी येतं. ऐन बुलेटिनच्या तोंडावर ते वृत्तवाहिनीच्या डेस्कवर पडतं आणि पहिला शब्द टाइप होतो ‘बुडाली’. त्याआधी पत्रक शेवटपर्यंत वाचा. निर्बंध बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 35अ खाली येतात, आणि निर्बंध म्हणजे परवाना रद्द नव्हे, हे वाक्य बहुधा त्या पत्रकातच असतं. पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले फेब्रुवारी 2013 मध्ये, परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला ऑगस्ट 2022 मध्ये. मधली साडेनऊ वर्षं कोणती पट्टी चालवणार होता?

ब्रेकिंग प्लेटवर (पडद्यावरच्या ठळक बातमीच्या पाटीवर) चार गोष्टी हव्यात: बँकेचं पूर्ण नाव, किती रक्कम काढता येईल, ती खात्यामागे की ठेवीदारामागे, आणि मुदत (बहुतेकदा सहा महिने). पूर्ण नाव अशासाठी की ‘जनता’, ‘नागरी’, ‘मर्चंट्स’ नावांच्या बँका गावोगावी आहेत. अर्धवट नाव चाललं तर भलत्याच बँकेसमोर सकाळी रांग लागते.

प्रत्येक प्लेटवर वेळ टाका आणि जुनी प्लेट रनडाऊनमधून (बुलेटिनच्या क्रमयादीतून) काढा. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या वेळी सप्टेंबर 2019 मध्ये मर्यादा आधी 1,000 रुपये होती, तीनच दिवसांत 10,000 झाली आणि 3 ऑक्टोबरला 25,000. अशा वेळी टिकरवर (खालच्या सरकत्या पट्टीवर) कालचा आकडा फिरत राहिला की काउंटरवर भांडण ठरलेलं.

फोन करणारा ‘आमची बँक’ म्हणतो तेव्हा ती पतसंस्था तर नाही ना, हे आधी विचारा. पतसंस्थेला ठेव विम्याचं कवच नाही आणि तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते. बहुराज्यीय असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांची. सहकार आयुक्तालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगला आहे. बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) मुंबईहून मागवायची गरज नाही.

शाखेसमोर पोचल्यावर आधी वाइड शॉट. बंद शटर आणि पंधरा माणसं घट्ट फ्रेममध्ये घेतली की दीडशे वाटतात. रांग लांब दिसण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं की आत एकच काउंटर चालू आहे. तेही वॉकथ्रूमध्ये (चालत-दाखवत केलेल्या निवेदनात) सांगा. सकाळी साडेदहाचे व्हिज्युअल दुपारी चारला लूपवर असतील तर कोपऱ्यात ‘सकाळची दृश्यं’ हवंच. लक्ष्मी रोडसारख्या रस्त्यावर ओबी व्हॅनला (थेट प्रक्षेपणाच्या गाडीला) जागा मिळणं म्हणजे नशीब. पाठीवरचं प्रक्षेपण यंत्र, म्हणजे बॅकपॅक, न्या आणि लाइव्ह गल्लीच्या तोंडाशी उभं राहून द्या. पासबुक कॅमेऱ्यासमोर धरणाऱ्या आजोबांचा खाते क्रमांक झाकला गेलाय ना, हे कॅमेरामनने बघायचं. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ विचारून रडणं मिळतं, माहिती नाही. ‘आज किती मिळाले? पेन्शन इथेच जमा होते का?’ असं विचारा.

सगळ्यात जास्त घोटाळा विम्याच्या ग्राफिकमध्ये होतो. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा 5 लाख आहे, पण ती एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. सदाशिव पेठेच्या शाखेत 3 लाख आणि कोथरूडला 2 लाख 40 हजार, दोन्ही एकट्याच्याच नावावर, तर बेरीज 5 लाख 40 हजार; विम्यातून मिळतील 5 लाखच. संयुक्त खात्याचा हिशेब वेगळा. ‘प्रत्येक खात्याला 5 लाख’ असं ग्राफिक गेलं असेल तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात दाखवा.

आकड्यांची हीच काळजी शेअर बाजाराच्या विंडोतही (पडद्यावरच्या चौकटीत) घ्या: अंकांसोबत टक्के लिहा. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडला, ते होते 13 टक्क्यांहून जास्त. 80,000 वर हजार अंक म्हणजे सव्वा टक्का. त्याला ‘भूकंप’ कशाला?

निर्बंधांची तारीख प्लॅनिंगच्या वहीत लिहा आणि पुढे 90 दिवस मोजा. ठेव विमा कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या 45 दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची असते, पुढच्या 45 दिवसांत ठेव विमा महामंडळाने पैसे. दोन्ही तारखांना युनिट त्याच शाखेत पाठवा. तोवर बाकीचे कॅमेरे केव्हाच निघून गेलेले असतात.