जॅक कुठे लावलात? जुन्या एसयूव्हीचा लोअर बॉल जॉइंट तपासायचा आणि बदलायचा कसा

जुनी एसयूव्ही पुढून टक्-टक् करायला लागली की सल्ला ठरलेला असतो. गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, हललं तर बॉल जॉइंट गेला, नाही हललं तर चालवत राहा. असा सल्ला देणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: जॅक कुठे लावलात? बहुतेकांना हा प्रश्नच कळत नाही.

मलाही कळत नव्हता. मी स्वतः हलवून बघितलेल्या आणि 'एकदम टाइट आहे' म्हणून सोडून दिलेल्या जॉइंटने महिन्याभरात दगा दिला. नशीब एवढंच की गाडी फाटकातून आत वळवत होतो आणि वेग चालत्या माणसाइतका होता. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, खालून घण पडल्यासारखा आवाज आला आणि बॉनेटचा डावा कोपरा खाली बसला. उतरून बघतो तर चाक मडगार्डात तिरपं अडकलेलं, ब्रेकचा होज ताणून दोरीसारखा झालेला. हेच हमरस्त्यावर झालं असतं तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. तपासणीत चूक एकच होती, जॅक चॅसीखाली होता.

नक्की काय बिघडतं

लोअर आर्म (चॅसीपासून चाकाकडे जाणारा खालचा दांडा) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) यांना जोडणारा हा सांधा म्हणजे एक पोलादी गोळा, त्याची वाटी, मध्ये ग्रीस आणि वर रबराचा बूट. बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीसची तांबूस पेज होते आणि गोळा-वाटी एकमेकांना खात बसतात. म्हणून 'नुसता बूट बदलून टाका' हा सल्ला मला मान्य नाही. बूट कधी फाटला ते तुम्हाला माहीत नसतं, आणि आत गेलेली माती नवा बूट बाहेर काढत नाही. 'ग्रीस मारा, आवाज जाईल' हा तर त्याहून वाईट. आवाज खरंच जातो. झीज तिथेच राहते, फक्त आता ती बोलत नाही.

सगळे जॉइंट सारखे धोक्याचे नसतात. काही गाड्यांत वजन गोळ्याला वाटीत दाबतं. असा जॉइंट झिजला तरी निखळायच्या आधी बरीच कुरकुर करतो. काहींत रचना उलटी असते, वजन गोळ्याला वाटीतून बाहेर ओढत असतं. तिथे झीज हद्दीबाहेर गेली की गोळा सरळ निसटतो आणि चाक आडवं होतं. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत साडेसात लाखांच्या आसपास पिकअप आणि एसयूव्ही पुढच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. कारण काय, तर कारखान्यात गोळ्याच्या पृष्ठभागावर राहिलेले ओरखडे. तेवढ्यानेही जॉइंट वेळेआधी ढिले पडू शकत होते. मग वर्षानुवर्षं फाटक्या बुटात फिरलेल्या गोळ्याची काय अवस्था असेल?

लक्षणं थोडक्यात: स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना एकच जड 'टक्', जागेवर स्टिअरिंग फिरवताना कुरकुर, टायरची एकच कड खाल्ली जाणं, सरळ रस्त्यावर गाडीचं भटकणं. यातलं एकही नसताना जॉइंट गेलेला असू शकतो. माझा तसाच होता.

तपासणी: इथे घाई करू नका

आधी खाली वाकून स्प्रिंग कुठे टेकलीये ते बघा. बाकी सगळं यावर ठरतं. दोन टनांच्या गाडीत पुढच्या एका चाकावर पाचशे किलोच्या आसपास भार असतो आणि वर-खाली दोन आर्म असतील तर तो स्प्रिंगमधून त्यातल्या एका आर्मवर येतो. ज्या आर्मवर स्प्रिंग, त्याचा बॉल जॉइंट भार उचलतो आणि बहुधा तोच आधी झिजतो.

बऱ्याच जुन्या एसयूव्हींत वर-खाली दोन आर्म असतात आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) खालच्या आर्मवर काम करतो. आता तुम्ही जॅक चॅसीखाली लावला तर काय होतं बघा. चाक हवेत लटकतं, पण स्प्रिंग सुटलेली नसते. ती खालच्या आर्मला अजून खाली ढकलत असते आणि त्या ताणाखाली गोळा वाटीच्या एका बाजूला घट्ट दाबून धरलेला असतो. प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, आहे, पण स्प्रिंगने तो दाबून ठेवलाय. तुम्ही दोन हातांनी चाक हलवणार, म्हणजे किती जोर लावणार? स्प्रिंगपुढे तो काहीच नाही. चाक हलत नाही आणि तुम्ही खूश होऊन जॅक उतरवता.

म्हणून जॅक लोअर आर्मखाली लावायचा, बॉल जॉइंटच्या जितका जवळ बसेल तितका, पण जॉइंटच्या बुडाला किंवा बुटाला न लावता. चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचला, जास्त नको. आता स्प्रिंगचा भार जॅकवर गेला आणि जॉइंट मोकळा झाला. हाताने हलवण्याच्या भानगडीत पडू नका. टायरखाली लांब पहार घाला आणि हळूच उचला, सोडा, उचला, सोडा. झटके देऊ नका, झटक्यात सगळंच हलल्यासारखं वाटतं.

या वेळी पहारीवर तुम्ही असाल तर जॉइंटपाशी दुसरा माणूस हवा. एकट्याने ही तपासणी नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याने एक बोट नकल आणि आर्म यांच्यामध्ये बुटावर अलगद टेकवावं, चिमटेल तिथे घालू नये. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. चांगल्या जॉइंटमध्ये नकल आणि आर्म एकजीव उठतात. झिजलेल्यात आधी नकल उठते, मग बारीकसा 'टिक्', मग आर्म. तो टिक् एकदा बोटाला कळला की आयुष्यभर विसरत नाही. किती प्ले चालतो ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांना थोडा चालतो, काहींना अजिबात नाही. 'थोडं तर असतंच' हे वाक्य मॅन्युअल न बघता कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर गणित उलटं. वरचा आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून आर्म खाली जाऊ देऊ नका आणि मग चॅसीखाली जॅक लावा. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात, वरचा आर्म नाही) असेल तर खालच्या जॉइंटवर गाडीचं वजन नसतं, तिथे चॅसी उचलून चाक लटकू दिलेलंच बरोबर, फक्त पहार आर्म आणि नकलमध्ये लावायची. पुढे सलग अॅक्सल असलेल्या गाडीत जॅक अॅक्सलखाली. काही जॉइंटना झीज दाखवणारी खूण असते: ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, त्याच्याभोवतीचा उंचवटा नव्याने बाहेर डोकावतो आणि झिजत जाईल तसा आत जातो. असे जॉइंट मात्र गाडी चारही चाकांवर उभी असतानाच बघायचे. जॅकवर घेतलीत तर खूण खोटं सांगते.

आता गफलत होते ती व्हील बेअरिंगशी. चाक वर-खाली धरून हलतंय असं वाटलं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तरीही हलत राहिलं तर सांध्यांकडे बघा. डावी-उजवीकडे धरून हललं तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. ही साधी गोष्ट न केल्यामुळे लोक चांगले बॉल जॉइंट काढून फेकतात.

बूट फाटलाय पण प्ले नाही? तरी जॉइंट बदला. एका बाजूचा गेलाय आणि दुसरा ठीक वाटतोय? दोन्ही बदला, दोघांनी सारखेच खड्डे खाल्लेत.

खोलताना

गाडी स्टँडवर घेणं, मागच्या चाकांना अडण लावणं हे सांगत बसत नाही. ज्याला ते सांगावं लागतं त्याने या कामाला हात घालू नये. पण एक गोष्ट ओरडून सांगतो: कॉइल स्प्रिंग चॅसी आणि खालचा आर्म यांच्यामध्ये मोकळी बसलेली असेल तर खालचा जॉइंट सुटताना आर्मखालचा जॅक हलता कामा नये. तो जॉइंटच स्प्रिंगला दाबून धरत असतो. जॅक निसटला तर स्प्रिंग तोफगोळ्यासारखी बाहेर येते. स्प्रिंग साखळीने बांधा आणि तिच्या समोर तोंड नेऊ नका.

नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा. कॅसल नट (खाचांचा नट) ढिला करा, पण पूर्ण काढू नका. चार-पाच आटे राहू द्या, म्हणजे जॉइंट सुटला तरी आर्म नटावर अडेल. स्टडचा, म्हणजे गोळ्यातून निघालेला, दांडा निमुळता असतो आणि नकलच्या निमुळत्या भोकात पाचरीसारखा रुतलेला असतो. वर्षानुवर्षांच्या गंजाने तो आतच झोपलेला असतो. लोक दांड्याच्या टोकावर हातोडा मारतात. त्याने आटे चेपतात आणि जॉइंट हसतो. मारायचं ते नकलच्या डोळ्याच्या बाजूवर, जिथे दांडा आत बसलाय. विरुद्ध बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरा आणि दोन-तीन खणखणीत घाव घाला. डोळा क्षणभर लंबगोल होतो, पकड सुटते आणि 'टण्' करून जॉइंट खाली येतो. हळूहळू पन्नास टोले मारण्यापेक्षा तीन मनापासून मारा. नकल अॅल्युमिनियमची असेल तर हातोडा विसरा, तिथे स्क्रूचा पुलरच. दुतोंडी पाचर बूट फाडते, त्यामुळे भंगारात जाणाऱ्या जॉइंटलाच वापरा. गॅसने तापवणं माझ्याकडे बंद: रबर आणि ग्रीस जळतं, शिवाय नकलच्या पोलादाचं पाणी उतरायची भीती.

बोल्टचा जॉइंट असेल तर बोल्ट काढा, संपलं. रिव्हेटचा असेल तर रिव्हेटची डोकी ड्रिल करा आणि नव्या जॉइंटबरोबर आलेलेच बोल्ट लावा, डब्यात पडलेले नाही. दाबून बसवलेला असेल तर सर्क्लिप (त्याला अडवणारी स्प्रिंगची कडी) काढून सी-आकाराच्या प्रेसने ढकला.

बसवताना

नवा जॉइंट दाबताना जोर बाहेरच्या काठावर, मधल्या टोपीवर नाही. हाताने सहज आत गेला तर आर्मचं भोकच मोठं झालंय. मग अख्खा आर्म बदला. वेल्डिंगचा टाका घालून 'फिट' करून देणाऱ्याकडून गाडी परत आणा. त्या उष्णतेने जॉइंटच्या आतलं सगळं होरपळतं.

निमुळतं भोक आणि दांडा पुसून कोरडे ठेवा, त्यावर ग्रीस नको. नट आवळताना दांडा आतल्या आत फिरत असेल तर आर्मखालचा जॅक किंचित वर घ्या, पाचर बसेल आणि फिरणं थांबेल. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळा, मागे कधीही नाही. पिन नवीन. ग्रीस निप्पल असेल तर बूट जरा फुगेपर्यंतच भरा.

आर्म बदलला असेल तर त्याच्या बुशचे (चॅसीकडच्या रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

व्हील अलाइनमेंट करून घ्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा खाली वाका, स्प्लिट पिन जागेवर आहे का बघा, आणि जॅक लोअर आर्मखाली लावून पहारीने एकदा उचला. बोटाला काही लागलं नाही तर स्पॅनर धुऊन ठेवा.